काच कोण पुसणार?

ताई, नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागेला राहतो, मूळ घर कराड तालुक्यात. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. गावचं घर भाड्याने द्यायचं म्हणून माळा उतरवला, तेव्हा जुन्या लुगड्यात गुंडाळलेले रॉकेलचे दोन टेबल लॅम्प निघाले. एक अख्खा पितळेचा. त्यात दोन वाती शेजारी शेजारी आणि बाजूला एक छोटी दांडी आहे, पण काच नाही. दुसऱ्याची टाकी हिरव्या काचेची, चावीवर ‘मेड इन जर्मनी’ अशी अक्षरं, आणि वरची काच शाबूत, कमरेत आवळलेली. गावात वीज आली त्या वर्षी सासूबाईंनी दोन्ही दिवे वर टाकले, ते पुन्हा कधी खाली काढले नाहीत.

आमचे हे नुकतेच निवृत्त झाले. त्यांना लहानपण आठवलं आणि रोज रात्री जेवणाच्या टेबलावर दिवा लावायचा असं त्यांनी जाहीर केलं. कुठूनतरी निळं रॉकेल आणलं, ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवलंय. सुनेला वास सोसत नाही, आणि नातू दोन वर्षांचा. ती म्हणते बल्ब बसवून घ्या. वायरमन म्हणतो टाकीला भोक पाडतो, अर्ध्या तासाचं काम. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी दोन्हींचे मिळून आठ हजार द्यायला तयार आहे. अमेरिकेतली मुलगी म्हणते मला द्या. सगळ्यांच्या मध्ये मी. जाळावा, विकावा, बल्ब लावावा की पोरीला द्यावा?
— एक वाचक, सांगली

वहिनी, दिव्यांचं नंतर बघू. हे वाचता वाचता उठा आणि ओट्याखालची ती बाटली आधी बाहेर काढा. दोन वर्षांच्या पोराला बाटली ओळखीची दिसते, आतलं काय आहे ते कळत नाही. रॉकेलचा घोट पोटापेक्षा छातीला धोक्याचा. ते पातळ असतं, ठसका लागला की फुफ्फुसात उतरतं आणि न्यूमोनियासारखं दुखणं उभं राहतं. म्हणून कधी असं घडलंच तर पोराला उलटी करवायची नाही, कारण उलटीबरोबर ते पुन्हा छातीत जातं. मिठाचं पाणी नको, घरगुती काही नको, तडक दवाखाना गाठायचा. रॉकेल घरात ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, वर ठळक नाव लिहून, स्वयंपाकघराबाहेर, कुलपात.

निळं म्हणजे रेशनचं. ते ओळखू यावं म्हणून त्यात मुद्दाम रंग घातलेला असतो. गॅस असलेल्या घराला ते मिळत नाही, तेव्हा तुमच्याकडे ते कसं आलं हे मी विचारत नाही. ज्यांच्याकडून आलं त्यांना परत द्या. मोरीत मात्र ओतू नका.

आता दिवे. तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की फोटो नसला तरी चाललं. दोन वातींचा आहे तो ‘डुप्लेक्स’. बर्मिंगहॅमच्या हिंक्स कंपनीने १८६५ मध्ये या जातीचा बर्नर काढला, पुढे इतर कारखान्यांनीही त्या धर्तीचे बनवले. त्यामुळे दोन वाती दिसल्या म्हणून दिवा हिंक्सचाच असं धरू नका. चावीच्या गोल चकतीवर काय कोरलंय ते भिंगातून बघा. दोन पट्टीवाती जवळजवळ जळल्या की एकमेकींना ऊब देतात आणि मधल्या फटीतून हवा ओढतात, म्हणून उजेड एका रुंद वातीपेक्षा चांगला पडतो. बाजूची दांडी ही दिवा मालवायची सोय. दाबली की पत्र्याच्या दोन टोप्या वातींवर चढतात आणि ज्योत गुदमरते, फुंकर लागत नाही. ती अडकली असेल तर पकड लावून ओढू नका. दोन थेंब रॉकेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी बोटाने हलवा.

कमरेत आवळलेली काच असते ती ‘कॉसमॉस’ पद्धतीच्या जर्मन बर्नरची. त्याची वात बाहेरून पट्टीसारखीच दिसते, पण वर चढता चढता नळीभोवती गुंडाळली जाऊन गोल होते. मग ज्योतीला आतूनही हवा मिळते आणि बाहेरूनही. ही युक्ती आर्गां नावाच्या स्विस गृहस्थाची, १७८० च्या सुमाराची, म्हणजे रॉकेलच्या कितीतरी आधीची. रॉकेलचा दिवा आला तो १८५३ साली, आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्ह शहरात, आणि तो केला लुकासिएविच नावाच्या एका औषधविक्याने. काचेची ती कंबर उगाच नखऱ्याची नाही. बाहेरची हवा नेमकी ज्योतीच्या अंगावर ढकलायचं काम ती करते. म्हणून त्या दिव्याला त्याच मापाची, कंबर त्याच उंचीवर असलेली काच लागते. दुसरी कुठलीही बसवली की दिवा भकभकतो.

‘मेड इन जर्मनी’ची गंमत अशी की ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं. गिऱ्हाइकाने जर्मन माल ओळखावा आणि टाळावा असा हिशोब होता; लोकांनी ते नाव बघून माल घ्यायला सुरुवात केली. आपल्याला त्याचा उपयोग एवढाच की तुमचा दिवा त्या सालानंतरचा. आणि नुसतं ‘जर्मनी’ आहे, ‘वेस्ट जर्मनी’ नाही, म्हणजे बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा.

तुमच्या त्या एकुलत्या काचेवरून मला ओगलेवाडी आठवली. माझं माहेर कराडचं. दिवा एकदा घेतला की पिढ्यान्‌पिढ्या चाले, काच मात्र फुटायचीच, आणि काच म्हटलं की आमच्याकडे ओगल्यांची. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने ओगले बंधूंनी १९१६ मध्ये तिथे काचकारखाना उभा केला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर टांगलेला असायचा. कारखाना बंद पडला, गावाचं नाव राहिलं. कराडचं रेल्वे स्टेशन त्याच गावात आहे. वडील तिकडून काचा आणत त्या भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, आणि घरी आल्यावर पेंढा सोडायचा मान आम्हा पोरांचा.

मान तेवढाच. पुढचं काम एकट्या माझं होतं.

काच पुसणं हे घरोघरी पोरींकडे असायचं. कारण अगदी साधं: मोठ्या माणसाचा हात काचेत शिरत नाही. रोज चार वाजता, शाळेतून आल्या आल्या, अंगणात पाट मांडायचा, कंदिलाच्या तीन आणि टेबल लॅम्पची एक अशा चार काचा ओळीने ठेवायच्या. आधी चुलीतली चाळलेली राख, मग कोरडं फडकं, मग वर्तमानपत्राचा बोळा. पाण्याचा थेंब राहिला की रात्री दिवा तापल्यावर काच टचकन तडकणार, आणि काच तडकली की पाठीत धपाटा बसणार. माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी अजून वण आहे. भाऊ माझ्याहून दीड वर्षाने लहान, त्याचा हात माझ्यापेक्षा बारीक. पण त्याला कुणी कधी पाटावर बसवलं नाही. तो आज साठी उलटल्यावर त्या पिवळ्या उजेडाबद्दल फार सुंदर बोलतो.

तेव्हा सासूबाईंनी दिवे लुगड्यात गुंडाळले पण खाली का काढले नाहीत, हे मला तुम्ही न सांगता कळलं. वस्तू चांगली होती म्हणून जपली. काम नको होतं म्हणून वर ठेवली. यजमानांना आठवतोय तो उजेड खराच आहे, त्यात खोट काढायची नाही. फक्त त्यांना शांतपणे विचारा: तेव्हा काच कोण पुसायचं? आणि आता कोण पुसणार? माझी पहिली अट ही. ज्याला दिवा लावायचाय त्याने काच पुसायची, वात कातरायची, टाकी भरायची आणि टेबलावर सांडलेलं निपटायचं. सुनेच्या नाही, तुमच्याही नाही, त्यांच्या हाताने. या अटीवर रोजचा बेत किती दिवस टिकतो ते बघा. माझा अंदाज नऊ दिवसांचा, नवरात्रासारखा.

तरी तो टिकला तर? तरीही रोज नको, आणि त्याचं कारण मी हिशोबाने देते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, सवय जात नाही. असा एकवातीचा दिवा तासाला साधारण २० मिलिलीटर रॉकेल पितो, म्हणजे १६ ग्रॅम. त्यातून जी उष्णता निघते ती जवळजवळ १९० वॅटच्या हीटरएवढी. उजेड किती? दहा-बारा मेणबत्त्यांचा. ९ वॅटचा एलईडी बल्ब त्याच्या सहा-सातपट उजेड देतो आणि त्या मानाने फारच कमी तापतो. सांगलीच्या एप्रिलात जेवणाच्या टेबलावर हीटर कुणी लावेल का? पुढचं ऐका. त्या १६ ग्रॅममधून तासाला सुमारे ५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड खोलीत येतो. स्वस्थ बसलेला माणूस तासाला ४० ग्रॅमच्या आसपास सोडतो. थोडक्यात, दिवा लावला की जेवायला एक पाहुणा वाढला, आणि तो सबंध वेळ धापा टाकतोय. तुमच्या डुप्लेक्सला वाती दोन, म्हणजे पाहुणेही दोन.

काजळी हा वेगळा विषय. पत्र्याची उघडी चिमणी असायची ना, बिनकाचेची, तिच्यात जळलेल्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के नुसती काजळी होऊन हवेत जाते. काचेचा दिवा नीट लावला तर याच्या मानाने फारच स्वच्छ जळतो. काच तापते, गरम हवा वर पळते, खालून ताजी हवा खेचली जाते आणि ज्योत पुरती जळते. पण ‘नीट लावला तर’. वात जरा वर गेली, वारं आलं, काच चुकीची बसली की तीच चिमणी पुन्हा हजर. सुनेला वास सोसत नाही म्हणजे ती नाजूक आहे असं नाही, तिचं नाक शाबूत आहे. वास सर्वांत जास्त येतो तो दिवा अगदी बारीक करून ठेवल्यावर आणि मालवल्यानंतर. अर्धवट जळलेलं रॉकेल तेव्हाच हवेत येतं. रात्रभर बारीक दिवा ठेवायची आपली जुनी रीत होती, ती तर बंद खोलीत अजिबात नको.

मग माझं म्हणणं असं. वर्षातून चार-पाचदा लावा. आषाढातली दिव्याची अवस तर यासाठीच आहे. घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, त्यात समई, निरांजनाच्या शेजारी हेही बसू द्या. दिवाळीत एखादी रात्र, सासूबाईंच्या तिथीला एक रात्र. खिडकी उघडी, नातू झोपलेला किंवा दुसऱ्या खोलीत कुणाच्या तरी मांडीवर, आणि दिवा लावणारा माणूस दिवा मालवेपर्यंत त्या खोलीतून हलणार नाही. फोन आला तरी. सुनेला त्या रात्री नको वाटलं तर लावू नका, तिच्या पोराचा प्रश्न आहे.

‘वीज गेल्यावर उपयोगी पडतील’ हे तुमच्या यजमानांनी अजून म्हटलं नसेल तर म्हणतील. मीही म्हणायचे. लोडशेडिंगच्या वर्षांत इथे साताऱ्यात मी मोठ्या हौसेने आईचा टेबल लॅम्प काढला आणि उंचावरून उजेड चांगला पडेल म्हणून फ्रिजवर ठेवला. पेपर तपासण्यात गुंग झाले. वीज आली तेव्हा छतावर ताटाएवढं काळं वर्तुळ होतं आणि त्याच्या मधोमध पोपडा सुटला होता. काचेच्या तोंडातून निघणारी हवा केवढी तापलेली असते याचा धडा विज्ञानाच्या बाईला असा मिळाला. आणि तुम्ही तर सांगलीच्या. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले, तेव्हा वरच्या मजल्यावर गाद्या, कपडे, सिलेंडर, माणसं सगळी एकावर एक होती. तशा ठिकाणी रॉकेलचा दिवा म्हणजे पाण्यातून सुटून आगीत. चार्जिंगची बत्ती घ्या, दोन घ्या.

आता लावायचा कुठला? मला विचाराल तर पितळी. हिरव्या काचेच्या टाकीत रॉकेल भरून ती पेटत्या ज्योतीखाली ठेवायची माझी छाती होणार नाही. जुन्या काचेत केसाएवढी चीर असली तरी दिसत नाही. शिवाय अशा दिव्यांत टाकीच्या तोंडावरचं पितळी कडं प्लास्टरने चिकटवलेलं असतं, आणि रॉकेल मुरून मुरून ते प्लास्टर भुसभुशीत होतं. कडं धरून दिवा उचललात की कडं हातात आणि टाकी फरशीवर. पितळी टाकी पडली तर पोचा येतो, फुटत नाही.

पितळीची परीक्षा घ्या. टाकीत थोडं रॉकेल घालून हिसळा, जुना चिकट गाळ निघेल, असं दोन-तीनदा. मग टाकी भरून बाल्कनीत वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर डाग दिसला तर सांधा गळतोय. तांबटाकडून कथलाचा डाख मारून घ्या, पण त्याच्याकडे नेण्याआधी टाकी साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवा, आणि डाख देताना आत पाणी भरलेलं असू द्या. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत रॉकेलची वाफ असते, आणि तांबटाच्या हातात पेटता ब्लोलॅम्प. काम झाल्यावर टाकी उन्हात चांगली तीन-चार दिवस वाळवा. आत पाणी राहिलं तर दिवा तडतडतो.

पितळ घासायला चिंच चालेल, पितांबरी चालेल, पण बर्नरच्या बारीक भोकांच्या जाळीत चिंच अडकू देऊ नका. आंबट राहिलं की दोन आठवड्यांत हिरवा कळंक चढतो. ती भोकं हवेची वाट आहे. बुजली तर दिवा धुरतो आणि दोष वातीला लागतो. बर्नर पिवळ्याऐवजी पांढुरका दिसत असेल तर त्यावर निकेलचा मुलामा आहे. तो चिंचेने घासाल तर मुलामा जाईल आणि खालून पितळ डोकावेल, तेव्हा नुसतं साबणाचं पाणी.

काच नवी आणावी लागेल. डुप्लेक्सच्या काचा अजून बनतात, ऑनलाइन मिळतात. अंदाजाने मागवू नका. काच जिथे बसते त्या कड्याचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि काचेच्या बुडाचा व्यास त्याच्याशी ताडून बघा. मी एकदा ‘मध्यम’ लिहिलेली काच मागवली, ती आज पेनस्टँड म्हणून छान काम देते. बोरोसिलिकेटची मिळाली तर उत्तम, साधी काच एकदम तापली की तडकते. नवी काच मिठाच्या पाण्यात उकळून घ्यायची आईची पद्धत होती. त्याने काच फार मजबूत होत असेल असं मला वाटत नाही. पण कच्ची काच चुलीवरच तडकायची, भरल्या पंगतीत नाही, एवढा फायदा नक्की.

रॉकेल पांढरं घ्या किंवा दिव्यासाठी म्हणून विकतात ते लॅम्प ऑइल. पेट्रोल, थिनर, डिझेल यांतलं काही थेंबभरसुद्धा नाही. पेट्रोल मिसळलेल्या रॉकेलने दिवे भडकून माणसं होरपळली आहेत. तुमच्या सुनेला वाटेल, मग तिळाचं किंवा खोबरेल घालूया, वास नाही येणार. ते या वातीतून वर चढत नाही. समईत वात तेलातच निजलेली असते, इथे तेलाला वातीच्या धाग्याधाग्यातून चार-पाच इंच चढायचंय, आणि ते रॉकेलसारख्या पातळ पदार्थालाच जमतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिनही त्याच कारणाने नापास.

लावायची रीत यजमानांना माहीत असेल, तरी उजळणी करून घ्या. टाकी दिवसाउजेडी, बाहेर, पाऊण भरायची. पेटत्या किंवा गरम दिव्यात कधीच नाही. वात नवी असेल तर बुडवून अर्धा तास मुरू द्यायची, नाहीतर रॉकेलऐवजी सूतच जळतं. कात्रीने सरळ कापून दोन्ही कोपरे नखाएवढे उतरवायचे, म्हणजे ज्योतीला शिंगं फुटत नाहीत. पेटवताना वात अगदी खाली, काच चढवायची, पाच मिनिटं काच तापू द्यायची, मग हळूहळू वर. घाई केली की काच काळी. दिवा भिंतीला टेकवून नको, पडद्याजवळ नको, वर मीटर-सव्वामीटर मोकळं हवं. टेबलावर लोंबता टेबलक्लॉथ तर नकोच, पोरं धरून ओढतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानंतर कित्येक रात्री आम्ही अंगणात निजलो, आणि आजोबांनी टेबल लॅम्प लावायला बंदी केली, फक्त खाली ठेवलेले कंदील. वर जड आणि खाली बारीक अशी वस्तू आधी कलंडते, हे त्यांना शिकवायला विज्ञानाच्या बाईंची गरज नव्हती. जवळ वाळूची बादली किंवा पावडरचं छोटं अग्निशामक ठेवा. पेटत्या रॉकेलवर पाणी मारलं तर ते पाण्यावर तरंगत आणखी पसरतं.

राहिला हिरवा. त्याला बल्ब लावा, पण टाकीला भोक पाडून नव्हे. तुमच्या वायरमनला नमस्कार सांगा आणि चहा पाजून परत पाठवा. एकदा भोक पडलं की तो दिवा पुन्हा दिवा होत नाही, आणि जुन्या काचेत ड्रिल घातलं तर अर्ध्या तासाच्या कामाला अर्धं मिनिट पुरतं. बर्नरच्या जागी आट्यांवर फिरवून बसवायचे होल्डर मिळतात, त्यांची वायर बाजूने निघते, टाकीला हात लागत नाही. मूळ बर्नर पुसून, कागदात गुंडाळून, दिव्याच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवा. दोन-तीन वॅटचा फिलामेंट एलईडी घ्या, खोक्यावर २२०० के लिहिलेला. रॉकेलच्या ज्योतीच्या रंगाला तो बराच जवळचा. एवढा एलईडी फारसा तापत नाही, त्यामुळे तुमची ती एकुलती एक जुनी काच त्यावर निर्धास्त बसेल. हा दिवा यजमानांनी जेवणाच्या टेबलावर रोज लावावा. हिरव्या काचेतून उजेड झिरपतो, म्हणजे पितळी दिव्याखाली पडतो तसा काळा गोल पडत नाही. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण ज्याने केली त्याच्या घरात पितळी दिवा असणार.

विकायचं म्हणाल तर पहिल्या गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत देऊ नका, इतकंच. मुरादाबादहून नव्या घडणीचे, जुने दिसतील असे पितळी दिवे ढिगाने येतात. तुमचे तसे नाहीत हे त्या व्यापाऱ्याला तुमच्याआधी कळलंय, म्हणून तो आठ हजार म्हणतोय. पुण्याला गेलात तर केळकर संग्रहालयातले दिवे एकदा बघून या, नजर तयार होते.

मुलीला द्यायचा असेल तर कागदपत्रं आधी. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने १०० वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घेता येतो, आणि तुमचे दिवे वयाने अगदी काठावरचे आहेत, तेव्हा विमानतळावर वाद घालण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. रॉकेलचा वास येणारी टाकी तर विमानात कुणी घेणारच नाही. पोरीला पितळी द्यायचा आणि तोवर यजमानांनी लावायचा, असं आत्ताच सांगून ठेवलंत तर दोघंही गप्प बसतील.

आणि हो, काच पुसायला जुनी सुती बनियन सर्वांत चांगली. टेरिकॉट नको, ती नुसती काजळी फिरवते. घरात निवृत्त माणसाच्या बनियनी बऱ्याच निघतील, त्यांतलीच एक त्यांच्या हातात द्या. त्यांचा हात काचेत शिरत नसेल तर लाकडी उलथन्याच्या दांड्याला गुंडाळायला सांगा, नातवाला बोलवायचं नाही.